आधी कडी काढा

४ मार्च

कार्यवाहांना आज गारद केलं! वाचनालयाचा मागचा हॉल मिळाला, दर शनिवारी संध्याकाळी. नशेच्या गोळ्या जास्त होऊन कोसळणाऱ्यांना कसं वाचवायचं, हे वस्तीतल्या माणसांना शिकवणार म्हटल्यावर ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "बाई, वाचवायला माणसं उभी केलीत तर ही पोरं जास्तच घेतील." मी म्हटलं, "आगीचा बंब आहे म्हणून कुणी स्वतःचं घर पेटवून देतं का?" मग पडेल आवाजात — "सतरंज्या तुम्हीच झटकून ठेवायच्या." झटकीन की!

घरी येऊन दादाला सांगितलं. पडल्या पडल्याच म्हणाला, "काय तोफ, आज एकच बळी?" पाठीच्या ऑपरेशननंतर माझ्याकडे राहायला आल्यापासून टीकाकार घरातच मिळालाय.

७ मार्च

दादावर रंगीत तालीम. तो दिवाणावर आडवा, मी शिकवतेय. हाक मारा, खांदे हलवा. छातीच्या हाडावर मुठीने जोरात रगडा. ओठ निळे, श्वास तुटक, घोरल्यासारखी घरघर — लगेच रुग्णवाहिका बोलवा. मान मागे, नाकपुडीत नशा उतरवणाऱ्या औषधाचा फवारा. तोंडाने श्वास द्या. मग कुशीवर वळवा आणि तिथून हलू नका!

दादाला इतकं छान बेशुद्ध पडता येतं! हाका मारल्या तरी पापणी हलली नाही. शेवटी चिमटा काढला. ओरडला, "अगं, वाचवतेस की मारतेस?"

उठताना विचारतो कसा — "आणि माणूस एकटाच असला तर? फवारा स्वतःच स्वतःला मारायचा?"

"म्हणूनच तर दर गल्लीत माणसं तयार करायची!" मी म्हटलं. वाक्य चांगलं जमलं. भाषणात घ्यायचं.

११ मार्च

पहिला वर्ग. बेकरीवाला, पार्लरवाली, निवृत्त बसड्रायव्हर, आणखी आठ-दहा जण. पार्लरवाली म्हणाली, "मला वाटायचं, हे सगळं रस्त्याकडेला पडणाऱ्यांचं." झालं, मी सुटलेच! म्हटलं, गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवरची असो की पुडीतली, जास्त झाली की मेंदू श्वास घ्यायला विसरतो. फुप्फुसाला तुमची अब्रू कळत नाही!

टाळ्या. त्या थांबायच्या आत बेकरीवाला — "बाई, ते नाकात किती आत घालायचं, तेवढं परत दाखवा ना." दाखवलं. मुकाट्याने.

१५ मार्च

दादा दुपारीही झोपलेला. चहा दोनदा गरम केला. दुखण्याच्या गोळ्यांनी गुंगी येते म्हणतो. झोपू दे. एवढं मोठं ऑपरेशन झालंय.

२२ मार्च

बसड्रायव्हरांचा फोन. पहिलंच वाक्य — "बाई, त्याने मला आईवरून शिवी दिली हो!" मी खुर्चीतून उठलेच. म्हणजे वाचला! मीच शिकवलं होतं, शुद्धीवर आलेला माणूस आभार मानत नाही, शिव्या घालतो. शिवी द्यायला श्वास लागतो!

मंडईतल्या शौचालयात एक तरुण पडला होता. फवारा ड्रायव्हरांच्या खिशात — आणि दाराला आतून कडी. "मी दारावर खांदा मारत होतो, आणि आतली घरघर थांबली." दार मोडलं तेव्हा पोराचे ओठ काळेनिळे. दोन फवारे लागले.

एवढीशी लोखंडी कडी! ढीगभर पुस्तकं वाचली, तासनतास बोलले, पण कडीचा विचार डोक्यात आला नाही. आता दुसरं काही बोलणार नाही.

२५ मार्च

हॉल गच्च! दादासुद्धा पहिल्यांदाच आला. काठी टेकत, शेवटच्या रांगेत, भिंतीला धरून.

आज आवाज चढवावा लागलाच नाही. म्हटलं, घरात कुणी घेत असेल तर भांडा, रडा, उपदेश करा. पण आधी कडी काढा! आणि जो घेतो त्याला सांगते — लाज वाटते? वाटू दे. सांगता येत नाही? नको सांगूस. फक्त दार लावून घेऊ नकोस. बाहेर तुझी माणसं आहेत.

टाळ्या नाहीत. मग कार्यवाह स्वतः उठले, शिपायाला म्हणाले, "स्क्रू-ड्रायव्हर आण रे." वाचनालयाच्या शौचालयाची कडी सगळ्यांसमोर निघाली! सोमवारी मंडईचीही निघेल, ड्रायव्हर मागे लागलेत. जिंकलो!

येताना दादाचा एकही टोमणा नाही. म्हणजे भाषण खरंच जमलं.

२६ मार्च

बाथरूमच्या दाराला आतून कडी नाही. स्क्रूची चार भोकं फक्त. दादाच्या खोलीच्या दाराचीही काढलेली. दोन्ही कड्या ओट्यावर ठेवलेल्या, शेजारी गोळ्यांची रिकामी पाकिटं. डॉक्टरांनी लिहून दिली होती त्याच्या कितीतरी पट.

दादा खुर्चीत. माझ्याकडे न बघता. मी तोंड उघडलं.

"भाषण नको, तोफ. नुसती बस."

बसले.