जाधवांच्या पूजेतलं पदक

ऐरोली, दसरा, १९९६

सोनं द्यायला शेजारच्या जाधवांकडे गेलो आणि मूडच गेला. पूजेत त्यांच्या आजोबांचं पदक होतं. पहिल्या महायुद्धातलं, चांदीचं.

जाधव म्हणाले, "तुम्ही पदकं जमवता ना? बघा जरा."

कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत आजोबांचं नाव कोरलेलं. मी ते मोठ्याने वाचलं, तशी जाधवांच्या आईने डोक्यावर पदर घेतला. सासरेच घरात आल्यासारखा.

पदकावरचा राजाचा चेहरा घासून घासून पार झिजलाय. दुकानात मी असलं पदक हातातही धरलं नसतं. मग एवढा जळफळाट कशाला? माझ्याकडे कपाटभर पदकं आहेत, चोरबाजारातून आणलेली. एकावरही आमचं आडनाव नाही. तो झिजलेला चेहरा मात्र नजरेसमोरून हलत नाही.

"तुमच्यातलं कोन हुतं लढाईत?" आईंनी विचारलं.

"कोणी नाही, मावशी. मी विकत घेतो."

"मग ज्येंची हायती, त्येंच्या घरी आज पूजेला काय ठिवत असत्याल?"

चहा न घेताच उठलो. खरं सांगायचं तर त्या अनोळखी घरांचं वाईट वाटलं नाही. जाधवांचा हेवा वाटला. अजून वाटतोय.