मनीषाच्या नावाचा बॉक्स

२ नोव्हेंबर
सोलापूर सुटलं, नाशिक लागलं. पंचवटीत ढुंढिराज गुरुजींच्या घरातली वरची खोली मिळाली. खिडकीत छान ऊन, खाली कढीपत्ता, आणि गुरुजींची एकच अट: जिन्यात चपला पसरायच्या नाहीत. गुरुजी रामकुंडावर दहाव्या-तेराव्याचे विधी करतात, पण घरात सगळ्यात हसरे तेच. उद्यापासून अंबडच्या कंपनीत क्वालिटीला रुजू. आईला सांगितलं, संक्रांतीला नक्की येते. ती म्हणाली, साधनाबाई, तुमचं ‘नक्की’ मला चांगलं ठाऊक आहे.

७ नोव्हेंबर
जिन्यात एक बॉक्स. नाव मनीषाचं, म्हणजे माझ्या आधीच्या भाडेकरू मुलीचं. डोंगर चढणाऱ्यांना दर शुक्रवारी काही ना काही सामान घरपोच, अशी कसलीशी योजना. गुरुजी म्हणाले, ती खोली सोडून गेली, आई येऊन सामान घेऊन गेली. एवढं सांगून ते कढीपत्ता तोडायला वळले. कंपनीला फोन केला, तर परत घ्यायची सोय नाही, ठेवून घ्या म्हणाले. मग काय, फुकट ते पौष्टिक! आत ट्रेकिंगचे शूज. लेबलवर आठ नंबर, माझा पाच, तरी पायात अगदी चपखल. यांच्या क्वालिटीवाल्यांना एकदा भेटायला हवं.

९ नोव्हेंबर
शूजची चाचणी रामशेज किल्ल्यावर. पकड उत्तम, एक फोड नाही. एकच तक्रार: वर पोचल्यावर थांबावंसंच वाटेना. पेठच्या बाजूचे डोंगर दिसत होते आणि पाय तिकडे ओढत होते. बसून शेंगदाण्याचे लाडू खाल्ले तेव्हा कुठे ते गप्प झाले.

१४ नोव्हेंबर
आज जॅकेट आणि पाण्याची बाटली. जॅकेटच्या आतल्या खिशात ही वही मावते. बाटली सकाळी काठोकाठ भरून टेबलावर ठेवली, कामावरून आले तर रिकामी. पुन्हा भरून कागदावर तासभर उलटी ठेवली. थेंब गळाला नाही. आंघोळ करून आले, तर पुन्हा रिकामी.

२१ नोव्हेंबर
आज काठी. पण आधी सकाळचं लिहिते. रविवारी ब्रशने घासून ठेवलेले शूज ओल्या लाल मातीने भरले होते. पोटऱ्या ठणकत होत्या. आठवडाभर मी डोंगराकडे फिरकलेसुद्धा नाही.

२३ नोव्हेंबर
सामान गच्चीवर उन्हात टाकलं होतं. गुरुजी तुळशीला पाणी घालायला आले आणि तांब्या हातातच राहिला. हे कोणाच्या नावाने आलं, विचारलं. मी सांगितलं. ते खाली बसले. म्हणाले, जोडे, वस्त्र, पाणी, काठी, मग दिवा. गेलेल्या माणसाला वाटेत त्रास होऊ नये म्हणून हेच देतात. आम्ही विधी करणारे ते घेतो, पण मागाहून जप करतो. तसं न करता वापरलं, तर जाणाऱ्याची वाट घेणाऱ्याला चालावी लागते. मनीषा पेठकडे डोंगरात गेली होती, ती सापडलीच नाही, हेही आज सांगितलं. आधी का नाही सांगितलं? खोलीला कोणी मिळालं नसतं म्हणून. मी संतापाने शूज कोपऱ्यात भिरकावले. शेवटी म्हणाले, तिच्या आईने विधी केला तर तू सुटशील.

२४ नोव्हेंबर
रजा टाकून सायखेड्याला गेले. मनीषाची आई, नवसाबाई, झेंडू तोडत होत्या. विधीचं काढताच म्हणाल्या, माझी पोर मेली नाय. शूज परत घ्या म्हटलं, तर म्हणाल्या, दिलेलं माघारी घेत नसतात बाई. हे सामान पाठवायला मनीषानेच सांगितलं होतं, शेवटच्या फोनवर. दर शुक्रवारी पाठव, पण खोलीवरच पाठव, मी येते. मी त्यांच्या पाया पडले. त्या माझ्या पायांकडेच बघत होत्या. लय थकली असंल ना, म्हणाल्या. मला म्हणाल्या की तिला, कळलं नाही.

२८ नोव्हेंबर
बॉक्स आला. उघडणार नाही. शूज काल गोदावरीत टाकले.

२९ नोव्हेंबर
शूज पायात आहेत. ओले. डोक्याला दिव्याचा पट्टा. बॉक्स मी उघडला नव्हता, देवाशपथ.

३० नोव्हेंबर
जाग आली ती पेठच्या एसटी स्टँडवर, उभ्या उभ्या. सकाळचे नऊ. शूजची नाडी सुटत नाही. कापायला चहावाल्याकडून सुरी घेतली तर— पाय चालायला लागले. सुरी तशीच हातात.

३ डिसेंबर
डोंगर. थांबता येत नाही, चालता चालता लिहितेय. बाटली आपोआप भरते. भूक नाही. भीती आहे, फक्त भीती.
नवसाबाईंचा फोन आला. रडत होत्या, आनंदाने. मनीषा आली. अनवाणी आली. भाकरी खाऊन झोपलीय.
मला विचारलं, तू कुठं हायस?

४ डिसेंबर
वाट सरत नाही. त्याच दगडावरून तिसऱ्यांदा— गुरुजी फोन उचलत नाहीत. खोली पुन्हा भाड्याने द्यायची पाटी लावली असेल.
मनीषाने आईला काय सांगितलं होतं ते आज नीट समजलं.

५ डिसेंबर
फोनला दोन टक्के. आईला लावला. आई, रडू नकोस, ऐक. एक बॉक्स सुरू कर, माझ्या नावाने. दर शुक्रवारी. पंचवटीच्या खोलीवरच पाठव. माप कुठलंही चालेल. मी संक्रांतीला नक्की—
कट झाला. तिने ऐकलं. हो म्हणाली.
खोलीत कुणीतरी येईलच. चांगली मुलगी असेल. जिन्यात बॉक्स बघेल, हसेल, म्हणेल फुकट ते—