चाळीस लाद्या बर्फ

खारदांडा, गुरुवार, संध्याकाळ

सोमवारी सकाळी काशिनाथदादांच्या बोटीत चाळीस लाद्या बर्फ मीच फोडून भरला. मासळीच्या खणाचं झाकण बसेना, तेव्हा दादा हसले, "बस कर रे, मासळी काय डोक्यावर ठेवू?"

काल कळलं, शेजारच्या राज्याच्या पोलिसांनी बोट धरली. दादा भर समुद्रात चोरीचं डिझेल घ्यायला आले होते म्हणे. आपले पोलीस म्हणतात, बोट आमच्या हद्दीत होती. हद्दीवरून भांडण चाललंय आणि दादा तिकडे कोठडीत. पण डिझेलची पिंपं ठेवणार कुठे? खणात बोटभर जागा नव्हती! चोरीला निघालेला माणूस चाळीस लाद्या कशाला घेईल? आणि तो बर्फ तर एव्हाना पाणी झाला असेल. सांगायला उरलो फक्त मी.

मी कामाला आहे त्या बर्फाच्या कारखान्याचा मालक म्हणाला, "तू मध्ये पडू नको यार. चोरीचं डिझेल विकणारे तेलवाले इथेच फिरतात, तुझी वाट लावतील." खरंच आहे ते. दुपारी देवीपुढे हात जोडले, पण मागायला काही सुचेना. तिलाही ठाऊकच आहे, चाळीस लाद्या.

उठलो, दादांच्या घरून वहिनींना घेऊन पोलीस चौकीत गेलो.

"नक्की चाळीस?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, हाताच्या भेगा बघा. झाकणावर बसून ते बंद केलंय मी."

साहेब ताडकन उठले आणि तिकडच्या पोलिसांना फोन लावला. वहिनी रडायला लागल्या. माझी छाती अजून धडधडतेय, पण भीतीने नाही. जबाब दिला. खाली सही केली, पूर्ण नावाने.