‘विमल’ नावाची खिडकी

घाटंजी

श्री. देवरावजी यांना सदाशिवचा नमस्कार.

बोरी अरबला सगळे खुशाल असतील, तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि वहिनींना खोकल्याचं औषध लागू पडलं असेल, अशी आशा करतो. आमच्याकडे प्रकृती ठीक. (घरात मी एकटाच उरलो आहे, त्यामुळे प्रकृतीही एकच आहे.) तुमची बहीण पोचल्यापोचल्या तिची बाजू सांगून मोकळी झाली असेल. ती सांगते ते खरं आहे. तिला मारायला मी ‘हो’ म्हटलं. फक्त कोणत्या विमलला, तेवढं ऐकून घ्या.

रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, आमच्या तुरीत कसे शिरायचे, हे तुम्ही पाहिलंच आहे. पुतण्या नयन दसऱ्याला पुण्याहून आला, तेव्हा त्याने शेतात खांबावर भोंगा चढवला आणि घरात एक कॉम्प्युटर मांडला. त्याला एकच काळा पडदा, पण त्यात तीन खिडक्या. दिसते एकच, बाकीच्या मागे आपापलं काम करत राहतात. (एकत्र कुटुंबात चालायचं तसंच.) एक ठिबकच्या मोटरची, एक हवामानाची, तिसरी भोंग्याची. भोंग्यावर आधी वाघाची डरकाळी लावली, डुकरं ढिम्म. मग नयनने अंगणातल्या बोक्याला हाकलणाऱ्या काकूचा आवाज मोबाइलवर घेतला. “आला का रे पुन्हा, मेल्या! खाऊन खाऊन फुगला, निंघ!” त्या रात्रीपासून शेतात डुक्कर नाही. (रोही दारव्ह्याकडे सरकले म्हणतात. तुमच्या शेतात आले असल्यास क्षमस्व.) नयनने कौतुकाने त्या खिडकीला काकूचंच नाव दिलं. पडद्याच्या तळाला हिरव्या पट्टीवर ते दिसायचं आणि विमल येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची.

गेल्या आठवड्यात ती खिडकी अडकली. काहीही दाबा, ऐकेना, आणि भोंगा दिवसाढवळ्या थांबेना. कापूस वेचायला आलेली रामीबाई बांधावरूनच परत फिरली. “बलावता बी तुमीच अन् हाकलता बी तुमीच?” मी माझ्याच शेतात पाऊल टाकलं की तोच आवाज, तोच प्रश्न. शेजारच्या शेतातले सेवादास मधल्या धुऱ्यावरून विचारायचे, “सदाशिवराव, आज असं काय खाल्लं?” भोंग्याची पेटी कुलपात, किल्ली पुण्यात. अख्खा कॉम्प्युटर बंद करावा तर मोटरची खिडकीही जाते आणि ती पुन्हा लावायला नयनच लागतो. शेवटी विमल म्हणाली, माझा आवाज गावभर बदनाम होऊन राह्यला, आजच्या आज बंद करा. (हे तिनेच सांगितलं होतं. कृपया लक्षात ठेवा.)

नयनला फोन लावून स्पीकरवर ठेवला, कारण दोन्ही हात लागणार होते. कंट्रोल आणि बी एकत्र दाबायचं, सोडायचं, मग सातच्या आकड्यावरचं जिलेबीसारखं चिन्ह. खिडकी अडकली तरी ती ज्या घराला बसवली ते घर ऐकतं, असं तो म्हणाला. आणि खरंच, पट्टी पिवळी झाली, तिच्यावर इंग्रजीत एक प्रश्न उमटला. मी आनंदाच्या भरात त्याचं मराठी करून मोठ्याने वाचलं, “नयन, हे इचारून राह्यलं, विमलले मारू का?”

“हो म्हना, काका! जास्त इचार नोका करू!”

“सुटलो रे बाबा एकदाचा,” म्हणत मी ‘वाय’ दाबलं. भोंगा थांबला. सगळं शिवार शांत झालं. आणि त्या शांततेत माझ्या पाठीमागे चहाची कपबशी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

मी पट्टी दाखवायला गेलो, पण खिडकी गेली तसं पट्टीवरचं नावही गेलं होतं. नयनने फोनमधून काकूची शपथ घेतली. (त्या घडीला ती शपथही चुकीचीच होती.) विमल एवढंच म्हणाली, “त्या मशीननं निदान इचारलं तरी. तुमाले तर इचार कराची गरज बी नाही पडली.” पिशवी भरली आणि दारव्ह्याची गाडी धरली. खिडकीचं नाव बदलता येतं, हे नयनला ती गेल्यावर आठवलं.

आपला,
सदाशिव

ता. क. डुकरं परतली आहेत. मूळ आवाजाची फाइलच बिघडल्यामुळे खिडकी अडकली होती, म्हणून तो पुन्हा लावता येत नाही. माझ्या आवाजाची ‘सदाशिव’ नावाची खिडकी नयनला फोनवर विचारत उघडून पाहिली. डुकरं क्षणभर थांबून ऐकतात आणि तुरीची पुढची ओळ खायला घेतात. तेव्हा विनंती एवढीच, की विमल तिकडे कुणावर ओरडली तर तेवढं मोबाइलवर घेऊन पाठवावं. माझ्याविषयी बोलत असेल तरी चालेल, डुकरांना फरक कळत नाही.

दुसरा ता. क. वरचं खोडलं समजा. आवाज नको. संध्याकाळी शेतातून आलो आणि सवयीने दारात थांबलो. आतून कुणी “आले का?” म्हटलं नाही. मग बसून ती माझ्या नावाची बिनकामाची खिडकी बंद करायला घेतली, तर पट्टी पिवळी होऊन विचारते, सदाशिवले मारू का? मी काहीच दाबलेलं नाही. प्रश्न तसाच उघडा ठेवला आहे. विमलला सांगा, या खेपेला तिला विचारल्याशिवाय उत्तर देणार नाही. बटण तिनेच येऊन दाबावं.