सागाखालचं लव्हाळं

६ ऑगस्ट १९५५
आज पुन्हा सात झुपके उपटलेले. मुळं वर, पानं खाली. डुकरं असती तर माती उकरली असती. हे माणसाचं काम आहे.

माझी सगळी भिस्त या लव्हाळ्यावर. फॉरेस्ट बंगल्यापुढच्या सागांखाली हरळी जगत नाही, आणि साहेबांच्या बाईंना तिथेच हिरवळ हवी. मीच म्हणालो, नाल्याकाठी जंगलात लव्हाळं वाढतं – तिधारी दांडा, केसांसारखी पानं, सावलीतच खूश – ते लावून बघतो. रेंजरसाहेब म्हणाले, दिवाळीपर्यंत जमीन झाकली तर माळी म्हणून ठेवतो, नाहीतर रस्ता धर. रस्ते पुष्कळ धरले. तीन वर्षांत आठ गावं. एकदा एका जागी राहून बघायचं आहे.

९ ऑगस्ट
नवे झुपके आणायला नाल्यावर गेलो आणि धनेश पक्ष्यांची जोडी बघत बसलो. दुपार झाली. परत येतो तो अकरा झुपके गेलेले! चौकीदार लटारूभाऊ व्हरांड्यात बिडी ओढत होते. "गवत कोनी लावते का बावा? आमचा जनम गेला उपटण्यात." आणि हसले. ध्यानात ठेवलं. त्यांचा पुतण्या रिकामा आहे, हेही.

१० ऑगस्ट
झाडणाऱ्या गुणाबाईने अंबाडीची भाजी-भात दिला. "एकटाच किती करशीन रे?" म्हणाली. तेवढं एक माणूस बरं.

१३ ऑगस्ट
सापडले! पहाटेपासून सागाआड बसलो. डोळा लागला. उघडला तर लटारूभाऊ उकिडवे, हातात झुपका, बोटांना चिखल.

"उपटून नाई राह्यलो. लावून राह्यलो."

"मग उपटतं कोण?"

धोतराला हात पुसत राहिले. खोटं बोलणारा असाच गप्प होतो. रेंजरसाहेबांना सांगितलं.

१४ ऑगस्ट
लटारूभाऊंना काढलं. पेटी डोक्यावर घेऊन मोटारीच्या थांब्याकडे निघाले. फाटकात थांबून मला म्हणाले, "इतके खोल नोको गाडू. गड्डा कुजते." वर मलाच शिकवतात.

१८ ऑगस्ट
चार दिवस झड. गुणाबाईही आली नाही. एकही झुपका गेला नाही. बघा!

१९ ऑगस्ट
उघडीप. गुणाबाईने खराटा ठेवला, सागाखाली बसली आणि दोन्ही हातांनी लव्हाळं उपटायला लागली. एकेक झुपका मुळं वर करून ठेवत होती – धानाच्या बांधीत तण निंदताना ठेवतात तसा, उन्हाने मरावा म्हणून. मी ओरडत धावलो.

"काऊन रे? धानात हेच तं निंदतो आमी. तुले मदत म्हनून रोज काढून राह्यली. लटारूभाऊनं एक डाव पाह्यलं, काही बोल्ले नाई. मले वाटलं, बरंच हाय."

२२ ऑगस्ट
माझे खोल गाडलेले सगळे कुजले. लटारूभाऊंनी वरवर लावलेल्या झुपक्यांना नवी पानं आली. रेंजरसाहेब बघून खूश. म्हणाले, दिवाळीची वाट कशाला, तू पक्का. हे कसं जमवलंस?

मी विजारीला हात पुसत राहिलो.