थोरलीचे पाटे आवारातच बदलू देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य वाहन तपासणी अधिकारी
(हुद्दा चुकला असल्यास क्षमा असावी, कारण शेवटच्या परिच्छेदात दिलं आहे)
वाहन तपासणी कार्यालय

विषय: जुन्या ट्रकचे पुढचे स्प्रिंगचे पाटे कार्यालयाच्या आवारातच, दिवस मावळल्यावर बदलण्याची परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ: आपण ट्रकखाली झोपून, बॅटरी मारून, मग दिलेला 'नापास' शेरा.

महोदय,

१. विनंतीपूर्वक अर्ज करते की, भिंतीकडे एक खांदा पाडून उभा असलेला निळा ट्रक आमचा आहे. आमच्या ह्यांनी तो लग्नाआधी घेतला, म्हणून घरात त्याला थोरली म्हणतात आणि मी धाकटी. हे गेल्यापासून थोरलीला सूनबाई चालवते. पूर्वी एकदा पुढचे उजवीकडचे पाटे बदलले तेव्हा डावीकडचे अजून दम धरतील असं घरात ठरलं. ते धरले नाहीत. नवे ताठ, जुने ढिले, त्यात मुख्य पाट्याला चीर गेलेली. आपला शेरा बरोबर आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

२. तरी थोरलीचं नाव राहावं म्हणून सांगते, की ह्यांच्या काळात हेच पाटे असे होते की एकदा खड्ड्यात आदळून ट्रक जो उसळला तो मधला ओढा ओलांडून पलीकडच्या रस्त्यावर उतरला. माझ्या मांडीवर आमटीचा डबा होता, एक थेंब सांडला नाही. ओढ्यात म्हशी होत्या, त्यांनी मान वर करून पाहिलं. (हा परिच्छेद तपासणीसाठी धरू नये, असं सूनबाईचं म्हणणं आहे.)

३. ट्रकमध्ये मधमाश्यांच्या पेट्या आहेत हे आपण जाणताच. आम्ही त्या सूर्यफुलाच्या शेतावर नेत होतो. तपासणीची मुदत संपत आली होती, म्हणून जाता जाता शिक्का मारून घेऊ म्हटलं. पेट्या उतरवून जाऊ, असं सूनबाई म्हणत होती. भरल्या गाडीनेच जाऊ, असं मी म्हटलं, कारण माश्यांची गाडी पाहिली की साहेब लोक लांबूनच शिक्का मारतात असा आमचा आजवरचा अनुभव. खाली झोपून पाटे मोजणारा अधिकारी आम्हाला पहिल्यांदाच भेटला. आपलं कौतुकच आहे, पण वेळ चुकीची आली.

४. आता अडचण अशी. आपल्या शेऱ्यानुसार पाटे बदलल्याशिवाय ट्रक रस्त्यावर न्यायचा नाही. फाटकावरच्या नियमानुसार आवारात दुरुस्ती करायची नाही. मिस्त्री या वेळी दोन्ही बाजूंचे नवे पाटे हातगाडीवर घालून फाटकाबाहेर बसला आहे, ट्रक फाटकाच्या आत उभा आहे आणि मध्ये आपले रखवालदार. मी त्यांना विचारलं, की बाबा, ट्रक बाहेर जायचा नाही, पाटा आत यायचा नाही, मग यांची गाठ स्वर्गात पडायची का? ते म्हणाले, अर्ज करा.

५. दरम्यान उन्हात पेट्या बंद ठेवल्या असत्या तर माश्या आतल्या आत गुदमरल्या असत्या, म्हणून त्यांची दारं उघडावी लागली. त्या आता आपल्या बागेतल्या फुलांवर, पाण्याच्या टाकीवर आणि मोठ्या कारकुनांच्या चहावर जाऊन येतात. कारकुनांना एकही चावलेली नाही. ते पळताना टेबलावर आपटले, तेवढंच.

६. त्यानंतर त्याच कारकुनांनी माणुसकी दाखवून तोंडी सांगितलं की बदला पाटे, पण पाचच्या आत, पाचला फाटक बंद होतं. साहेब, हे जमण्यासारखं नाही. पाट्याची गंजलेली पिन घणाचे घाव घातल्याशिवाय सुटत नाही, आणि ट्रकवर पेट्या असताना घण घातला तर माश्या आधी मिस्त्रीला आणि मग कार्यालयाला सोडणार नाहीत. पेट्या आधी उतरवाव्यात, तर निम्म्या माश्या दिवसभर बाहेर असतात. माशीला घर जागेवरून कळतं. पेटी चार पावलं सरकवली की ती जुन्या जागी येऊन घिरट्या घालत राहते आणि मरते. म्हणून अंधार पडता पडता सगळ्या घरी आल्या की दारं लावायची, पेट्या उतरवायच्या, पाटे बदलायचे, पेट्या चढवायच्या आणि निघायचं. उजाडायला आम्ही शेतावर असू.

७. मुलगा शेतावर वाट बघतोय. सकाळपासून त्याचे फोन चालू आहेत. शेवटचा फोन सूनबाईनेच घेतला. तो एवढंच म्हणाला, "फुलं माना टाकायला लागली." तेव्हापासून ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसली आहे. इंजिन बंद आहे आणि ती गिअर बदलते आहे. हा फुलोरा हुकला तर पुढचा फुलोरा येईतो निम्म्या पेट्या उपासमारीने रिकाम्या होतील. या पेट्या तिने हातांनी वाढवल्या आहेत, ह्यांनी नाही आणि मी तर नाहीच. शहाणपणा माझा आणि भोगते ती, म्हणून मला एका जागी बसवत नाही. फाटकापासून ट्रकपर्यंत माझ्या इतक्या खेपा झाल्या की रखवालदारांनी मला हजेरी लावायला सांगितली.

८. तरी कृपया फाटक आज अंधार पडल्यावर काम उरकेपर्यंत उघडं ठेवावं आणि मिस्त्रीला पाट्यांसह आत सोडावं. ठोकाठोकी झाल्यावर आपण पुन्हा खाली झोपून पाहावं. बॅटरी मी धरीन.

९. आता हुद्द्याबद्दल. उन्हाने तापलेल्या एका पेटीतून राणीमाशी अर्धं घर घेऊन बाहेर पडली आणि थेट आपल्या दारावरच्या पाटीवर बसली. घोस चांगला कलिंगडाएवढा आहे. त्याखाली आपलं नाव आणि हुद्दा दिसत नाही, म्हणून वर अंदाजाने लिहिलं. हे ओढ्याच्या गोष्टीसारखं नाही, दार किलकिलं करून पाहावं. फार उघडू नये. संध्याकाळी त्या शांत झाल्या की पाटीखाली रिकामी पेटी धरून एक हलका झटका दिला की सगळ्या आत पडतात, पण त्यासाठी मी पाचनंतर आत असायला हवी. ही धमकी नाही, असं लिहायला सूनबाईने सांगितलं आहे. म्हणून लिहिलं.

सहीचा कागद खिडकीच्या फटीतून सरकवावा. मी खालीच उभी आहे.

आपली नम्र, पण घाईत असलेली,
थोरलीची धाकटी
(सही)

दिनांक: आजच, ऊन उतरायच्या आत

सोबत:
१. नवे पाटे, दोन्ही बाजूंचे (फाटकाबाहेर)
२. रिकामी पेटी, एक (आपल्या दाराशी, पाय जपून)
३. राणीमाशी, एक (आपल्या पाटीवर. काम झाल्यावर परत मिळावी.)