जनीकाकूंच्या ताटाचा अंदाज

३ नोव्हेंबर, सोमवार
ब्याण्णव किलो चारशे ग्रॅम! आणि कंपनीला हवेत अठ्ठ्याऐंशी. वर एक ग्रॅम चालणार नाही, असं तिथल्या बाईने फोनवर तीनदा ऐकवलं. २८ ला मेडिकल. पास झालो तर डिसेंबरात जहाज. गेल्या वेळी याच पोटापायी नापास झालो आणि अकरा महिने दाभोळला घरी बसलो. लोक विचारायचे, "काय भाटकर, अजून इथेच?" परत ते नको!
कोर्ससाठी महिनाभर रत्नागिरीत आहे. खोलीत चूल नाही, दोन्ही वेळा जनीकाकूंच्या खाणावळीत. मोबाईलवर ॲप घेतलंय. खाल्लेलं लिहायचं, ते कॅलरी सांगतं. दिवसाला दोन हजारांच्या आत राहायचं. बस्स.

५ नोव्हेंबर
ॲपला बांगड्याचं कालवण माहीत नाही! "फिश करी, एक बाऊल" म्हणे. कसला बाऊल? काकूंची वाटी, की त्या वाटीवर वरून ओततात तो पळा? शेवटी अंदाजानेच लिहिलं — कालवण दोनशे, तळलेली तुकडी दीडशे, भात-भाकरी पावणेचारशे, सोलकढी पंचवीस. आमसुलाचं पाणीच की ते. ताट साडेसातशे.
शेजारच्या खाटेवर रावजी आहे, हर्णैचा, माझ्याच कोर्सला. म्हणतो, "अनिलशेठ, जेवताय की पेपर सोडवताय?" त्याला काय जातंय बोलायला! पोट पाटासारखं आहे मेल्याचं.

९ नोव्हेंबर
९०.८. जमतंय!

१४ नोव्हेंबर
८८.९. वैष्णवीचा व्हिडिओ कॉल. बायको खूश होईल वाटलं होतं. तर म्हणते, "गालफडं बसलीत तुमची. बरं आहे ना?" म्हटलं, डाएट आहे. "उपाशी राहताय?" उपाशी कसला! भूक तर सारखी लागते. तहान त्याहून जास्त. वर्गात तीन बाटल्या पाणी संपवतो. सर आज सगळ्यांदेखत म्हणाले, "भाटकर, पुन्हा बाहेर?" सगळे हसले. मीही हसलो.

१८ नोव्हेंबर
८६.७. चार दिवसांत दोन किलो? मेडिकलचा आकडा तर मागे पडलाच. पेढे वाटायला हवेत — पण गणित बसत नाही. मी लिहितो त्या हिशेबाने आतापर्यंत एक, फार तर सव्वा किलो उतरायला हवा होता. उतरले साडेपाच.
म्हणजे मी ताटाच्या कॅलरी जास्त धरतोय. काकूंचा हात दिसतो तेवढा सढळ नसणार. उद्या विचारतोच. कमी निघाल्या तर एक भाकरी वाढवून घेईन. फार भूक लागते.

१९ नोव्हेंबर
विचारलं. काकू आधी भडकल्याच. "काय रे, विष घालते काय मी तुला? जेवणात काय आहे ते विचारतोस!" मग मेडिकलचं सांगितलं तशा पाटा बाजूला सारून उठल्या. स्वयंपाकघरात नेऊन एकेक दाखवलं. चार ताटांना एक अख्खा नारळ, नुसत्या कालवणाच्या वाटपात, मसाल्याबरोबर वाटलेला. सोलकढीत पाणी कमी, नारळाचं दूधच जास्त. तळणीचं तेल? "ते कधी मोजलं नाय. हाताला कळतं." आणि माझ्या भाताचा डाव इतरांपेक्षा मोठा. "भुकेलेला दिसतोस. दिसतं ना मला."
खोलीवर येऊन पुन्हा मांडलं. एक ताट बाराशेच्या वर. दोन वेळा, शिवाय सकाळचे घावणे. जवळजवळ तीन हजार.
तीनदा बेरीज केली. तेवढीच येते.

२० नोव्हेंबर
इतकं खाऊन वजन वाढायला हवं होतं.
जहाजावर मी रोज टाकीतलं तेल मोजतो. इंजिनाने जाळलं त्यापेक्षा जास्त उतरलं, की जेवण सोडून आधी गळती शोधायची. वीस वर्षं हेच काम केलं. कालपासून डोक्यातून जात नाही.
रावजीला सांगितलं. आज थट्टा नाही केली. "चल, आत्ता जाऊ डॉक्टरकडे." नाही म्हटलं. आत्ता काही निघालं तर कागदावर चढेल. २८ नंतर बघू. तो म्हणाला, "वेडा आहेस." असेन. भीती वाटते मला. आजाराची की घरी बसण्याची, ते विचारू नये कोणी.

२२ नोव्हेंबर
वैष्णवी विचारते, "जेवलात?" जेवलो म्हटलं. तेवढं तरी खरं आहे.

२५ नोव्हेंबर
८५.१. कुणाला सांगितलं नाही. जिना चढताना दोनदा थांबलो. काकूंनी न मागता दुसरी भाकरी वाढली. तीही खाल्ली.

२८ नोव्हेंबर
हॉस्पिटलातून लिहितोय. रावजी बाहेर वैष्णवीला फोन करतोय.
वजन ८४.३. डॉक्टरांनी कागदावर बरोबरची खूण केली. मी हसलो. मग बोट टोचलं — साखर ४१२. त्यांनी दुसरं बोट टोचलं. ४०९.
"भाटकर, हे वजन तुम्ही उतरवलेलं नाही," म्हणाले. "कधीपासून उतरतंय, आठवतं?"
तारीखवार सांगितलं. सगळं लिहून ठेवलं होतं मी.